वाढपिणीचं सर्टिफिकेट

सोमवारी सकाळी पावणेनऊ वाजता किल्लीच्या लक्षात आलं, की गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मत्स्यालयाचे बारा वाजणार आहेत.

किल्ली हे काही तिचं खरं नाव नव्हे. मत्स्यालयातल्या अकरा सर्व्हरांच्या किल्ल्या तिच्या ताब्यात होत्या, म्हणून तिकीटखिडकीवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिची खोली पंपघराच्या मागे होती. तिथली भिंत दिवसभर थरथरायची आणि टेबलावरच्या कपातल्या चहात बारीक बारीक गोल लाटा उठत राहायच्या.

झालं होतं ते असं. मत्स्यालयात चौतीस टाक्या. प्रत्येक टाकीपाशी एक छोटी पेटी, पेटीवर दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल. या पेट्यांमध्ये आणि मागच्या सर्व्हरांवर काही प्रोग्राम अखंड चालू असत. कुणी समोर बसून ते चालवत नसे. एक पाण्याचं तापमान बघे, एक पंप चालवी, एक दिवे लावी-मालवी, एक माशांना वेळच्या वेळी खाणं देई. अशा प्रोग्रामना या धंद्यात डीमन म्हणतात. संचालकबाईंनी त्याचं सरळ 'भुतं' करून टाकलं होतं. रोज सकाळी त्या दारातून डोकं आत घालून विचारायच्या, "काय गं, आपली भुतं काय म्हणतात?"

ही भुतं एकमेकांशी बोलायच्या आधी एकमेकांना सर्टिफिकेट दाखवत. सही खरी आहे ना, मुदत संपलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय एक अवाक्षर बोलत नसत. आणि ते बरंच होतं. नाहीतर उद्या कुणी आगंतुक नेटवर्कात घुसून "मी तापमानवाला बोलतोय, पाणी जरा उकळा" म्हणाला असता, तर सगळ्या टाक्यांचं सूप झालं असतं. ही सर्टिफिकेटं दर तीन महिन्यांनी आपोआप नवी निघत. किल्लीला त्यात बोटही लावावं लागत नसे.

पण त्या सगळ्यांवर सही करणारं एक मूळ सर्टिफिकेट होतं. ते दहा वर्षांपूर्वी, दहा वर्षांच्याच मुदतीचं बनवलेलं. ते संपत आल्याच्या सूचना गेले तीन महिने न चुकता जात होत्या. फक्त त्या किल्लीच्या बाबांच्या जुन्या ऑफिसच्या मेलपेटीत जात होत्या, आणि बाबा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

संचालकबाईंनी डोकं आत घातलं तेव्हा किल्ली कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभी होती.

"मूळ सर्टिफिकेट संपतंय. गुरुवारी."

"मग नवं कर. एवढं काय त्यात?"

"नवं पाच मिनिटांत होईल. पण पेट्यांना ते पटलं पाहिजे. पेट्या नवी सही मानतात ती फक्त जुन्या सहीच्या शिफारशीवर. आणि तीसुद्धा जुन्याची मुदत असेपर्यंत."

"मग जुन्या सहीची शिफारस घे."

"जुनी सही करायला लागणारी गुप्त किल्ली तुमच्या तिजोरीत आहे, पेनड्राइव्हवर."

"काढते की. आत्ता काढते."

"तिला पासवर्ड आहे. एकट्या माणसाच्या हातात नको म्हणून त्याचे दोन तुकडे केलेत. अर्धा बाबांकडे आहे."

"आणि उरलेला?"

किल्लीने खुर्ची ओढली आणि त्यात बसली. "माझ्या सासूबाईंकडे."

संचालकबाई बघतच राहिल्या. मग त्यांच्या तोंडून हसू फुटलं. त्यांनी ते हाताने दाबायचा प्रयत्न केला, पण ते बोटांच्या फटींतून बाहेर आलं.

"हसू नका. नाहीतर चौतीस पेट्या हाताने उघडाव्या लागतील. त्यातल्या नऊ पाण्याखाली आहेत. शार्कची टाकी रिकामी करायलाच चार दिवस लागतात."

"आणि तेवढे दिवस शार्क कुठे ठेवायचे?"

"तुमच्या केबिनमध्ये."

संचालकबाई हसायच्या थांबल्या.

आता या दोघांचं काय होतं ते सांगायला हवं. किल्लीचे बाबा मत्स्यालयाचे मुख्य तंत्रज्ञ. सासूबाई तिथल्याच खाद्यविभागाच्या प्रमुख. दोघांनी वीस वर्षं एकत्र काम केलं, एकत्र डबे खाल्ले, आणि एकत्र तीन संचालकांना वैताग आणला. सासूबाई सकाळी साडेसहाला गमबूट चढवायच्या आणि चौतीस टाक्यांना हाताने खाऊ घालायच्या. कोणता मासा रुसलाय, कोणता दुसऱ्याचं पळवतोय, हे त्यांना नुसतं पाण्याकडे बघून कळायचं. बाबा त्यांना 'वाढपीण' म्हणायचे आणि त्या बाबांना 'यंत्रवाले'. किल्ली बाबांना विसरलेला डबा द्यायला यायची. एकदा प्रवाळाच्या टाकीच्या आतून, काच पुसता पुसता, एका पाणबुड्याने तिला हात केला. तो वाढपिणीचा मुलगा. पुढचं सांगायला नको.

पण लग्नाच्या एक वर्ष आधी बाबांनी माशांना खाणं देणारं यंत्र बसवलं, ते चालवणारा डीमन लिहिला आणि त्या डीमनचं नाव ठेवलं 'वाढपीण'. सासूबाईंनी ते नाव पडद्यावर वाचलं. त्यांनी गमबूट धुऊन जागेवर ठेवले आणि निवृत्तीला चौदा महिने बाकी असताना राजीनामा दिला. त्या दिवसापासून सहा वर्षं दोघांमध्ये एका शब्दाची देवघेव नव्हती. लग्नात विहीणबाई एका टोकाला, व्याही दुसऱ्या टोकाला. सणावारी एका टेबलावर बसायची वेळ आली तर "सूनबाई, तुझ्या बाबांना सांग, मीठ त्यांच्यासमोरच आहे," असा व्यवहार.

सोमवारी संध्याकाळी किल्ली बाबांकडे गेली. बाबा बाल्कनीत एक जुना टेबलफॅन उघडून बसले होते.

"येतो की," बाबा म्हणाले. "माझा अर्धा मला तोंडपाठ आहे. पण ती आधी हो म्हणू दे."

मंगळवारी सकाळी तिने सासूबाईंना गाठलं. सासूबाई तिच्याच घरात राहत असल्यामुळे गाठणं सोपं होतं, पटवणं नव्हे.

"मी कशाला नाही म्हणू? मासे काय माझे शत्रू आहेत?" सासूबाई म्हणाल्या. "पण ते आधी हो म्हणू देत."

"आई, तुमचा अर्धा मला सांगता का? मीच टाइप करते."

"शपथ घेतलीये. सांगायचा नाही, लिहून द्यायचा नाही. फक्त टाइप करायचा. का, त्यांनी सांगितला त्यांचा?"

"नाही."

"बघ. तेवढं तरी आहे त्यांच्यात."

मंगळवार गेला. बुधवारही अर्धा गेला. बाबा म्हणत ती आधी, सासूबाई म्हणत ते आधी. मधे किल्लीच्या दोन्ही घरांच्या पायऱ्या झिजायला लागल्या. तिचा नवरा रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "मी एक सुचवू? टाकी रिकामी करू या. शार्कशी बोलणं सोपं आहे." शेवटी बुधवारी दुपारी तिने आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी दोन वडीलधाऱ्या माणसांना थाप मारली. बाबांना फोन केला, "आई हो म्हणाल्या." फोन ठेवला, बाहेरच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "आई, बाबा हो म्हणाले."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी आले ना वठणीवर."

बाबाही फोनवर नेमकं हेच म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी दहाला तिजोरीच्या खोलीत बैठक ठरली. खोली म्हणजे आधीची कपडे बदलायची जागा. एका भिंतीला अजून खुंट्या होत्या आणि कोपऱ्यात शॉवरचा नळ. मुलूखमैदानासारखी ती तिजोरी, एक टेबल, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेला एक लॅपटॉप, बाहेरून जोडायचा कीबोर्ड. सासूबाईंची एकच अट होती: टाइप करताना त्यांनी मला बघायचं नाही. बाबांचीही तीच. तेव्हा संचालकबाईंनी डोकं चालवलं आणि शॉवरचा पडदा ओढून टेबलाच्या बरोबर मधून लावला. निळ्या पडद्यावर पिवळी बदकं होती.

बाबा बदकांच्या एका बाजूला बसले, सासूबाई दुसऱ्या. किल्ली मधे उभी. संचालकबाई हातात यादी घेऊन दाराशी.

"पासवर्ड मागितल्यावर एक मिनिट मिळतं," किल्ली म्हणाली. "एकाने टाइप केलं की कीबोर्ड पडद्याखालून सरकवायचा. बाबा, तयार?"

"तिला सांग, मी दहा वर्षं तयार आहे."

"सूनबाई, त्यांना सांग, सुरू करा म्हणावं. भाषण नको."

बाबांनी टाइप केलं. कीबोर्ड बदकांखालून सरकला. सासूबाईंनी चष्मा लावला, एका बोटाने टक टक टक केलं आणि शेवटचं बटण जोरात दाबलं.

पासवर्ड चुकीचा.

"तिला सांग, नीट आठवून टाइप कर म्हणावं."

"त्यांना सांग, मला चौतीस टाक्यांतल्या माशांची वजनं आठवतात. सोळा अक्षरं आठवणार नाहीत?"

पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा. साडेदहा वाजले. बाहेर कुठल्यातरी शाळेची सहल आली होती. दारातून शे-दीडशे मुलांचा कलकलाट यायला लागला. तिसऱ्यांदा चुकीचा आला तेव्हा तिच्या मनात आलं, की आपण दोघांशी खोटं बोललो ते वाया गेलं आणि वर शार्कही अंगावर आले.

"एक मिनिट," सासूबाई पडद्याआडून म्हणाल्या. "सूनबाई, त्यांना विचार, ते आधी का टाइप करताहेत?"

"तिला सांग, मुख्य तंत्रज्ञ मी होतो. माझा अर्धा पहिला."

"त्यांना सांग, काही नाही पहिला! पासवर्ड ठेवला त्या दिवशी माझे गमबूट ओले होते, एका हातात कोळंबीची बादली होती आणि तिकडे पेंग्विनांनी ओरडून ओरडून छप्पर डोक्यावर घेतलं होतं. त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. म्हणाले, वाढपीणबाई, आधी तुम्ही उरका, तुमची मंडळी उपाशी आहेत."

पडद्यापलीकडे बाबांची खुर्ची करकरली.

"बाबा?"

"हो," बाबा म्हणाले. "खरं आहे. खुर्ची ओली झाली होती. मी नंतर त्याच खुर्चीत बसलो. दिवसभर माझ्या पँटला कोळंबीचा वास येत होता. घरी मांजर सोडेना."

पडद्याच्या दुसऱ्या बाजूने एक आवाज आला. किल्लीला आधी वाटलं, आईंना ठसका लागला. पण ते हसू होतं. सहा वर्षं कोंडलेलं असल्यासारखं ते आधी नाकातून आलं, मग तोंडातून आणि मग खांद्यांतून. सगळी पिवळी बदकं हलायला लागली. बाबाही हसायला लागले. किल्लीला हसायचं नव्हतं, पण अकरा वाजायला आले होते आणि तिच्या पोटात दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"आधी तुम्ही," बाबा म्हणाले. आणि या वेळी "तिला सांग" म्हणायचे विसरले.

सासूबाईंनी टाइप केलं. कीबोर्ड सरकला. बाबांनी टाइप केलं.

जुन्या सहीची किल्ली उघडली.

संचालकबाईंनी आनंदाने टाळी वाजवली, मागे सरल्या आणि त्यांचा हात पडद्याच्या दांडीला लागला. दांडी, पडदा, बदकं सगळं टेबलावर कोसळलं. त्याखालून दोन पांढरी डोकी बाहेर आली आणि एकमेकांसमोर निघाली.

"वजन वाढलंय तुमचं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही खायला घालायचं थांबवलंत तरीही," बाबा म्हणाले.

पण काम अजून बाकी होतं. नवं मूळ सर्टिफिकेट झालं, आता त्याच्या सहीने प्रत्येक भुताला नवं सर्टिफिकेट द्यायचं होतं. नियम असा, की किल्लीने जुन्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि संचालकबाईंनी यादीवर खूण करायची. किल्ली भराभर वाचायला लागली.

"नाव पंपवाला, विभाग पाणी."

"खूण."

"नाव दिवेवाला, विभाग उजेड."

"खूण."

"नाव वाढपीण, विभाग पर्याय नाही."

"खूण."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "काय वाचलंस?"

"विभाग, पर्याय नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या सर्व्हरला बदली सर्व्हर नाही," किल्ली म्हणाली. "मी तर दोनदा अर्जही केला, याला एक बदली द्या म्हणून."

"मीच नामंजूर केले," संचालकबाई म्हणाल्या.

बाबा टेबलावरच्या पडद्याची घडी घालत होते. एवढा वेळ लावून शॉवरच्या पडद्याची घडी कुणी घातली नसेल. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, बदली सर्व्हरच म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"नाव जिचं आहे तिच्याबद्दल आहे ते," बाबा म्हणाले. "यंत्र बसवलं म्हणून काही तिला पर्याय झाला नाही, असं. माहितीसाठी लिहून ठेवलं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि लॅपटॉपवर वाकून ती ओळ स्वतः वाचली.

"हे कधी लिहिलंत?"

"सहा वर्षांपूर्वी. पहिल्याच दिवशी."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"सर्टिफिकेटमध्ये लिहिलं होतं की! सर्टिफिकेट काही गुप्त नसतं. गुप्त ती किल्ली. सर्टिफिकेट उघड असतं, कुणीही वाचू शकतं. दर तीन महिन्यांनी नवं निघतं, दर वेळी हेच लिहिलेलं असतं. माझ्या समजुतीने मी सहा वर्षं जाहीर सांगत होतो."

"मी सर्टिफिकेटं वाचते का हो?"

"मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि तरीही रागावलात."

सासूबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मला वाटलं, बाई नको झाली म्हणून बाईच्या नावाचं यंत्र आणलं."

"तुमचा खांदा दुखत होता," बाबा म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वीस वर्षं उजव्या हाताने बादली उचललीत आणि त्या वर्षी डाव्या हाताने उचलायला लागलात."

संचालकबाई यादीवर खाली मान घालून नको तिथे खुणा करत होत्या. किल्लीचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी तिला वेड्यासारखं हसूही येत होतं; कोणतं आधी बाहेर पडेल याचा तिलाच भरवसा नव्हता.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "पुढचं वाच. घड्याळ बघ जरा."

अकरा सत्तेचाळीसला किल्लीने नवी सही सगळ्या पेट्यांकडे पाठवली. तिच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर चौतीस चौकोन होते. एक हिरवा झाला. मग चार. मग एकदम बारा. पेंग्विन हिरवे, कासवं हिरवी, शार्कची टाकी हिरवी झाली तेव्हा संचालकबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. अकरा पंचावन्नला तेहतीस हिरवे आणि एक लाल.

"सत्तावीस," किल्ली म्हणाली. "समुद्रघोडे. पेटी उत्तरच देत नाही. बंद आहे."

"बंद कशी असेल?" बाबा म्हणाले.

"सत्तावीसच्या मागे प्लगची एकच जागा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि आज सहल आली म्हणजे फरशी पुसायचं मशीन काढलं असणार. चला!"

आणि त्या धावत सुटल्या. त्रेसष्टाव्या वर्षी, खांदा दुखत असताना, साडी पोटरीपर्यंत वर धरून सासूबाई अशा धावल्या, की किल्लीला लॅपटॉप छातीशी धरून त्यांना गाठता गाठता धाप लागली. मागून बाबा. त्यांच्यामागे एक एक्स्टेन्शन वायर फरशीवर सरपटत होती, कारण बाबा कुठेही वायर घेतल्याशिवाय जात नसत. सगळ्यांत मागे संचालकबाई, "सावकाश! फरशी ओली आहे!" असं ओरडत, आणि स्वतःच सगळ्यांत जोरात.

मधल्या दालनात दीडशे मुलं प्रवाळाच्या टाकीला नाक लावून उभी होती. आत किल्लीचा नवरा फडक्याने काच पुसत होता. त्याला काचेतून दिसलं ते असं: त्याची आई, त्यामागे बायको, त्यामागे सासरे, आणि आई मागे वळून सासऱ्यांना म्हणतेय, "अहो, पाय उचला की!" आईने सासऱ्यांना 'अहो' म्हटलं होतं, हे त्याला पाण्यातून नुसत्या ओठांवरूनही कळलं. त्याच्या तोंडातून हवेची नळी सुटली आणि बुडबुड्यांचा असा लोट उठला, की दीडशे मुलांनी एकदम "ओऽऽऽ!" केलं. त्यातली निम्मी मुलं, आता पुढचा खेळ तिकडे आहे असं समजून, या चौघांच्या मागे धावायला लागली.

सत्तावीस नंबरच्या टाकीमागे खरोखरच फरशी पुसायचं मशीन लावलेलं होतं. ते चालवणाऱ्या बाईंनी अंगावर येणारी ती वरात बघितली आणि हात वर केले.

"मी काही केलं नाही!"

"बाई, तुमचा प्लग!" सासूबाई म्हणाल्या. बाबांनी वायर जोडली, त्यात मशीनचाही प्लग लावला आणि पेटीचाही. पेटीवरचा दिवा लागला. लाल.

"जागी व्हायला पाच मिनिटं लागतात," बाबा म्हणाले.

"किती वाजले?"

"बारा चार."

किल्ली फरशीवर मांडी घालून बसली, लॅपटॉप मांडीवर. मुलं भोवती कोंडाळं करून उभी राहिली. काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं, पण चार मोठी माणसं एका दिव्याकडे डोळे लावून बसली आहेत म्हणजे काहीतरी मोठं असणार, एवढं त्यांना कळलं. काचेपलीकडे समुद्रघोडे शेपट्या गवताला गुंडाळून निवांत उभे होते.

बारा सात. लाल. बारा आठ. लाल. किल्लीने पुन्हा पाठवलं. सासूबाईंनी बाबांचा दंड धरला होता. दोघांनाही ते कळलं नव्हतं. बारा नऊला दिवा विझला.

मग तो हिरवा लागला.

आणि बारा वाजून दहा मिनिटं झाली, आणि काहीही झालं नाही. पाणी वाहत राहिलं. दिवे लागलेले राहिले. टाकीच्या झाकणातून समुद्रघोड्यांसाठी चिमूटभर खाणं, ठरल्या वेळी, ठरलं तेवढं, पाण्यात भुरभुरलं. किल्लीने आयुष्यात इतकं सुंदर काहीच न होणं कधी पाहिलं नव्हतं. ती ओरडली, संचालकबाई ओरडल्या, आणि मुलांना तेवढंच हवं होतं. पाऊणशे गळ्यांतून असा जल्लोष उठला, की फरशी पुसणाऱ्या बाईंनीही मशीन बंद करून टाळ्या वाजवल्या. बाबांनी दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली, वायरमध्ये पाय अडकला आणि सासूबाईंनी त्यांना उजव्या हाताने सावरलं.

"आई, खांदा!" किल्ली म्हणाली.

"मसणात गेला खांदा," सासूबाई हसत म्हणाल्या.

नंतर किल्लीने दोघांपुढे थाप मारल्याची कबुली दिली. दोघंही रागावले, आणि इतक्या वर्षांनी एकत्र रागवायची संधी मिळाल्यामुळे मनापासून रागावले. मग तिघं कँटीनमध्ये जाऊन बसले. नवरा ओल्या केसांनी येऊन सामील झाला. सहा वर्षांच्या तुंबलेल्या गप्पा होत्या; त्या पेंग्विनांपासून सुरू झाल्या, जुन्या संचालकांवरून फिरल्या, आणि सहा वाजता कँटीनवाल्याने खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला घेतल्या तरी कासव नर आहे की मादी यावर अडल्या होत्या.

नव्या किल्लीचा पासवर्ड आता कुणाकडे, हा प्रश्न शुक्रवारी आला. संचालकबाईंनी एक अर्धा स्वतःकडे घेतला, एक किल्लीला दिला, आणि "आपण दोघींनी भांडायचं नाही, लेखी दे," म्हणून तिच्याकडून सही घेतली. मुदतीच्या सूचना आता पाच जणांना जातात. त्यात सासूबाईंचा नंबर आहे. तो त्यांनी स्वतः घालायला लावला.

कारण सासूबाईंना आता सर्टिफिकेटं वाचायचा नाद लागला आहे. शनिवारी सकाळी त्या किल्लीच्या लॅपटॉपपुढे ठाण मांडून बसल्या आणि एकेक उघडायला लावून वाचत गेल्या. कुणीही वाचू शकतं म्हणतात ना, मग वाचते. बाबांनी निवृत्त होईपर्यंत ठिकठिकाणी काय काय लिहून ठेवलं होतं ते एकेक बाहेर आलं. आवाज नोंदवणाऱ्या डीमनचा विभाग होता 'पेंग्विन, दुसरं कोण'. दार उघडणाऱ्याचा 'वेळेवर येणारा एकमेव कर्मचारी'. संचालकांच्या केबिनमधल्या एसीचा विभाग किल्लीने सासूबाईंना दाखवलाच नाही.

"हे काय, कासवाच्या टाकीला 'आजोबा' लिहिलंय!" सासूबाई कडाडल्या, आणि फोन उचलून नंबर लावला. "अहो यंत्रवाले, ती मादी आहे, मादी! सर्टिफिकेट दुरुस्त करा!"

पलीकडून बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण ते बरंच लांबलचक असावं, कारण सासूबाई फोन कानाला लावून बाल्कनीत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पाय वर घेतले.

नवरा आतून डोकं काढून म्हणाला, "अजून किती वेळ?"

किल्ली हसून हसून उचक्या देत होती. तिने पाण्याचा पेला घेतला, नाक दाबलं, आणि बोटांनीच खूण केली: विचारू नको.